घोड्याच्या पोटातले लपलेले अल्सर : कोल्हापूर परिसरातल्या घोडेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रंकाळ्यावर पोरांना फेरी मारून आणणारे, पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारे, वरातीची घोडी पाळणारे, गाडीच्या शर्यतीचा नाद असणारे आणि नुसती हौस म्हणून दारात एक जनावर बांधणारे, अशा सगळ्यांकडून मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात. मी पशुवैद्य नाही. माझ्या चांदणी नावाच्या घोडीच्या पोटात जवळजवळ दीड वर्ष जखमा, म्हणजेच अल्सर, होत्या आणि रोज तिला खरारा करणाऱ्या मला त्या कळल्या नाहीत. तेव्हापासून डॉक्टरांना विचारत, वाचत, इतरांची जनावरं बघत जे हाती आलं ते इथे लिहून ठेवलं आहे. औषधाचं प्रमाण मुद्दाम कुठेही दिलेलं नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच जनावर बघून ठरवायचं.

घोड्याला कुठे अल्सर होतो? आमच्या आजोबांनी आयुष्यभर टांगा हाकला, त्यांच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही.

आजोबांच्या घोड्याला तो नव्हता असं नाही, तो बघायची सोय नव्हती. घोड्याचं जठर तोंडापासून इतकं आत असतं की तिथपर्यंत पोचायला सुमारे ३ मीटर लांबीची दुर्बीण लागते. अशा दुर्बिणी आल्या, जिवंत घोड्याचं पोट आतून बघता आलं आणि मग डॉक्टरही चकित झाले. शर्यतीसाठी तयार होणाऱ्या थरोब्रेड घोड्यांमध्ये सराव सुरू झाल्यापासून दोन-तीन महिन्यांत ८० ते १०० टक्के जनावरांच्या जठरात अल्सर सापडतात. आणि हे फक्त रेसकोर्सचं दुखणं नाही. डेन्मार्कमध्ये शर्यतीत न पळणाऱ्या २०१ घोड्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. घोड्याला काय खायला घालतात, किती वेळ उपाशी ठेवतात आणि पाणी समोर असतं की नाही, यावर अल्सरचा धोका ठरतो असं त्यात दिसलं. तबेला डेन्मार्कमधला असो की करवीर तालुक्यातला, या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत.

पण होतो कशामुळे? आम्ही तर त्याला तिखट-मसाला काही देत नाही.

माणसाच्या पोटात जेवणाच्या वेळी अ‍ॅसिड जास्त सुटतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास सुटत राहतं, समोर वैरण असो वा नसो. निसर्गाने हे जनावर दिवसाचे सोळा-सतरा तास चरण्यासाठी घडवलं आहे. थोडं थोडं खायचं, सतत चावायचं. चावताना लाळ सुटते, आणि लाळेत अ‍ॅसिड मारणारा क्षार असतो. घोड्याची लाळ माणसासारखी नुसत्या वासाने किंवा खाणं बघून सुटत नाही, जबडा हलला तरच सुटते. म्हणजे जबडा थांबला की अ‍ॅसिड चालू आणि लाळ बंद.

आता जठराची रचना बघा. मोठ्या घोड्याच्या जठरात ८ ते १५ लिटर मावतं, एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने ते लहानच. त्याचा वरचा साधारण तिसरा भाग अन्ननलिकेच्या अस्तरासारखा असतो, त्याच्यावर अ‍ॅसिडपासून वाचवणारा चिकट थर नसतो. खालचा भाग ग्रंथींचा. अ‍ॅसिड तिथेच तयार होतं आणि त्या भागाला स्वतःचं संरक्षणही असतं. पोटात वैरण असली की तिची जाडसर चटई वर तरंगते आणि अ‍ॅसिड खाली राहतं. पोट रिकामं असताना घोडा दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, लागला की पोटाचे स्नायू आवळतात, जठर दाबलं जातं आणि खालचं अ‍ॅसिड उसळून वरच्या उघड्या अस्तरावर येतं. हे रोज घडत राहिलं की तिथे आधी लाली येते, मग सालटं निघतं, मग जखम होते.

खालच्या, ग्रंथींच्या भागातले अल्सर वेगळे. तिथे अ‍ॅसिड कायमच असतं, बिघडतं ते संरक्षण. वेदनाशामक औषधांचा मारा, सततचा ताण, विश्रांती न देता काम, सारखी बदलणारी माणसं यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. दोन्ही भागांत एकाच वेळी जखमा असू शकतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपचाराच्या वेळी लागेल.

लपलेला अल्सर ओळखायचा कसा? नेमकं काय बघायचं?

एकाच खुणेवर जाऊ नका. अल्सर असलेली पुष्कळ जनावरं वरून ठणठणीत दिसतात, आणि जखम जितकी मोठी तितकी लक्षणं जास्त असाही हिशोब नाही. तरी रोज बघणाऱ्याला काही गोष्टी दिसतात, फक्त त्या एकमेकींशी जोडाव्या लागतात.

पहिली जागा म्हणजे तोबरा, घोड्याला चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, देतात ती पिशवी. घोडा चंदीवर तुटून पडतो, चार घास खातो आणि तोंड बाजूला घेतो. थोड्या वेळाने परत येतो, पुन्हा थांबतो. किंवा चंदी ठेवून देतो आणि वैरण मात्र चघळत बसतो. मालक म्हणतो, "चोखंदळ झालाय." चांदणी असंच करायची. मी धान्य बदललं, गूळ घातला, तोबरा धुतला. तिच्या पोटात आग होत असेल हे मनात आलंच नाही.

दुसरी जागा तंगाची, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याची. खोगीर चढवताना कान मागे, तंग आवळताना मान वळवून चावा, पोटाला हात लावला की कातडी थरथरणं, मागचा पाय उचलून दाखवणं.

मग अंग. खाणं आहे तरी बरगड्या दिसतात, केसांची चकाकी जाते, खरारा करूनही अंग भुरकट राहतं. त्यानंतर काम. पूर्वी चढ न थांबता चढणारं जनावर मध्येच रेंगाळतं, दुडकीतून पुढे जायला नाखूश असतं, पाऊल आखडतं. स्वभावही बदलतो. शांत घोडी चिडचिडी होते, किंवा उलट, कोपऱ्यात मान घालून गप्प उभी राहते. दात कराकरा चावणं, वारंवार जांभया देणं, हीही कुणी कुणी पाहिलेली लक्षणं आहेत. आणि शेवटची महत्त्वाची खूण म्हणजे खाल्ल्यावर थोड्या वेळाने पोटशूळ उठणं. जोराचा नव्हे, हलका. घोडा पायाने जमीन उकरतो, कुशीकडे बघतो, बसतो, उठतो आणि अर्ध्या तासात पूर्ववत होतो. महिन्यातून दोनदा असं झालं तर "गॅस झाला होता" म्हणून सोडून देऊ नका.

यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच जनावरात, एकाच काळात दिसल्या की डॉक्टरांशी बोला.

लीद काळी पडते का? पातळ होते का?

नाही. यामुळेच तर हे दुखणं लपतं. माणसाच्या पोटात रक्तस्राव झाला की शौचाला काळं होतं, ते डोक्यात ठेवून लोक लीद तपासत बसतात. घोड्याचं आतडं इतकं लांब आहे की जठरातलं थोडंबहुत रक्त वाटेतच पचून जातं. लिदीतलं रक्त शोधणाऱ्या पट्ट्यांवरही या बाबतीत विसंबता येत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीतही जठराचा अल्सर दिसत नाही. मोठा घोडा सतत पातळ लीद टाकत असेल तर कारण बहुधा मोठ्या आतड्यात किंवा जंतांत आहे, ते वेगळं तपासावं लागेल.

आमची घोडी तंग आवळताना चावते. सगळे म्हणतात खोड आहे, दोन फटके द्या.

फटके देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मला एका जाणत्या माणसाने हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. चांदणी पाच वर्षांची होईपर्यंत लहान मुलं तिच्या पोटाखालून जायची. अशा घोडीला सहाव्या वर्षी अचानक खोड कशी लागेल, एवढा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. चाबकाने तिचं चावणं थांबलं. दुखणं थांबलं नाही, ते दाखवणं थांबलं, आणि त्यामुळे कळायला आणखी सहा महिने गेले.

तंगाला चिडण्याचं कारण प्रत्येक वेळी अल्सरच असतं असंही नाही. खोगीर पाठीला टोचत असेल, तंगाखाली घासून जखम झाली असेल, पाठीचा स्नायू दुखत असेल, घोडीला माजाच्या वेळी त्रास होत असेल. आधी खोगीर उलटं करून त्याची गादी चाचपून बघा, पाठीवर दोन्ही बाजूंनी बोटं दाबत जा. तिथे काही सापडलं नाही तर पोटाकडे वळा.

ही सगळी लक्षणं तर दुसऱ्या आजारातही दिसतात. मग अल्सरच आहे असं कशावरून?

लक्षणांवरून ठामपणे सांगता येत नाही, बरोबर आहे. बारीक होणाऱ्या घोड्याचे दात आधी बघून घ्या. दाढांना धारदार टोकं आली की गाल सोलतात आणि घास तोंडातून गळतो. जंत बघा. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक अंडी चिकटलेली दिसली तर ती बॉट माशीची, तिच्या अळ्या जठरातच चिकटून वाढतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्या फार असतात. त्या दिवसांत ताप येऊन-जाऊन असेल, पोटाखाली किंवा पायांना सूज असेल, तर सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या आजाराची तपासणी लागते. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसणं हे अल्सरचं लक्षण समजू नका, तिथे रक्ताची तपासणी लगेच हवी.

वरातीच्या घोडीला हा त्रास जास्त होतो का?

ज्यांच्या घोड्या मी जवळून बघतो, त्यांचा दिनक्रमच सांगतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. घोडी दुपारी तीनला सजवायला घेतात. साज घाण होऊ नये म्हणून वैरण काढून घेतात. पाचला टेम्पोत चढते. सहाला मंडपाजवळ उभी. तोंडात लगाम, समोर बँजो आणि डीजे, फटाक्यांच्या माळा. वरात नऊला निघते, साडेदहाला संपते. घरी यायला बारा. मग तिची देखभाल करणारा दमलेला मोतद्दार एकदम मोठा तोबरा भरून चंदी ठेवतो आणि झोपतो. नऊ तास पोट रिकामं, त्यात भीती, त्यानंतर रिकाम्या पोटावर नुसतं धान्य. वर अल्सरची जी कारणं सांगितली, ती एका संध्याकाळीत सगळी गोळा झाली.

सहा तासांपेक्षा जास्त वेळ वैरणीशिवाय जाऊ द्यायचा नाही, ही मर्यादा पाळा. सजवताना समोर सुकं गवत राहू द्या, साज नंतर पुसता येतो. टेम्पोत जाळीच्या पिशवीत वैरण टांगा. मंडपाजवळ वाट बघताना लगाम काढून नुसत्या दोराच्या मोरकीवर उभी करा आणि दोन मुठी लसूणघास द्या. बादली आणि पाणी घरचंच न्या, कारण काही घोड्या परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत. घरी आल्यावर आधी वैरण, चंदी सकाळी. यजमान घाई करतात, बँजोवाले ओरडतात, मला माहीत आहे. पण आगाऊ रक्कम घेतानाच "घोडीला मध्ये वीस मिनिटं लागतील" असं सांगून ठेवलं तर कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याचं काय? तो तर पळत नाही, चालतोच.

चालीत धोका कमी हे खरं. जठर दाबलं जाणं दुडकीपासून पुढे वाढतं. पण शनिवार-रविवारी दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत एकही काडी न खाता उभं राहणं, दर पाच मिनिटांनी पाठीवर नवं वजन आणि पाणी नाही, हे काही कमी नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये घोडा जिथे थांबतो तिथे वैरणीची पिशवी आणि पाण्याची बादली ठेवा. आठवड्यातून निदान तीन दिवस काम नको. आठवड्यात पाच किंवा जास्त दिवस काम करणाऱ्या घोड्यांत ग्रंथींच्या भागातले अल्सर अधिक आढळले आहेत.

कामाआधी खायला घातलं तर पोट दुखणार नाही का? आम्ही तर मुद्दाम उपाशी नेतो.

धान्य नको, वैरण हवी. निघण्याआधी अर्धा तास एक-दोन किलो सुकं गवत किंवा लसूणघास दिला की ती चटई पोटात तयार होते आणि लाळही पोचते. पोटभर चंदी खाऊन पळवणं वाईटच, पण त्याच्या उलट टोकाला जाऊन तोंड बांधून नेणंही तितकंच वाईट. नंदवाळच्या आषाढी दिंडीत पुईखडीला रिंगण होतं, तिथे भरधाव पळणारा अश्व असो की गल्लीत सराव करणारा शर्यतीचा घोडा, सकाळी थोडी वैरण पोटात असू द्या.

चंदी किती द्यायची? हरभरा, जव, मका, गूळ, यातलं काय चालतं?

पिष्ट, म्हणजे स्टार्च, मोजायचं. एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम आणि दिवसाला २ ग्रॅम, याच्या वर धोका वाढतो. ३५० किलोच्या घोड्याला एका वेळी ३५० ग्रॅम स्टार्च. जवात स्टार्च निम्म्याहून जास्त असतं, म्हणजे एका वेळी साधारण ६०० ग्रॅम जव. मक्यात आणखी जास्त, म्हणून अर्धा किलोच्या आसपास. हरभऱ्यात कमी, पाऊण किलो चालेल. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलोचा तोबरा सर्रास भरला जातो. तेच धान्य तीन-चार वेळा विभागून द्या आणि एकूण कमी करा. जोर कमी पडेल असं वाटत असेल तर थोडं खाद्यतेल हळूहळू वाढवत नेता येतं.

वजन माहीत नसेल तर टेप घ्या. तंगाच्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येतं. अगदी काट्यावरचं नाही, पण अंदाजाने बोलण्यापेक्षा खूप बरं.

गुळाबद्दल बोललं की लोक रागावतात. कोल्हापूरचा गूळ म्हणजे आपला अभिमान, घोड्याला त्याचा खडा देणं हा लाड आहे आणि तो मीही करते. खडा ठीक आहे. पाव किलो गूळ रोज चंदीत कालवणं ठीक नाही. साखर आणि स्टार्च जठरातच आंबतात, त्यातून आणखी आम्लं तयार होतात आणि ती वरच्या नाजूक अस्तराला पोळतात. गव्हाचा कोंडाही मुख्य आहार म्हणून नको. त्याचा अल्सरशी थेट संबंध नाही, पण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडं पोकळ होतात. ओघात आलं म्हणून सांगितलं.

वैरण कोणती? आमच्याकडे कडबा आणि उसाचं वाडंच असतं.

हंगामात वाडं फुकट मिळतं, त्यामुळे सगळ्यांचा भर त्याच्यावर. थोडं चालेल, पण तेवढ्यावर घोडा ठेवू नका. नुसत्या कडक, काड्यांच्या वैरणीवरही नको. डेन्मार्कच्या त्या पाहणीत केवळ काडावर असलेल्या घोड्यांत अल्सर स्पष्टपणे जास्त होते. कडबा बारीक कुट्टी न करता थोडा लांब ठेवा म्हणजे चावायला वेळ लागतो, आणि त्याच्या जोडीला हरळी किंवा दुसरं चांगलं सुकं गवत आणि थोडा लसूणघास द्या. लसूणघासातलं कॅल्शियम आणि प्रथिनं अ‍ॅसिड शमवतात. तो वाळवलेला असेल तर उत्तम. भिजलेली, बुरशी लागलेली वैरण कधीच नको, पावसाळ्यात हे रोज तपासा.

किती, तर वजनाच्या दीड ते दोन टक्के, कोरडं धरून. ३५० किलोच्या घोड्याला ५ ते ७ किलो सुकी वैरण. हिरव्या हत्तीगवतात बहुतेक पाणीच असतं, तेवढाच कोरडा चारा पोटात जायला तीसेक किलो लागेल. रात्री शेवटची वैरण भरपूर टाका. संध्याकाळी सातला गव्हाण रिकामी आणि सकाळी सहापर्यंत काही नाही, हे अकरा तास आपल्याकडच्या बहुतेक तबेल्यांत मोजलेच जात नाहीत.

लंगडतो म्हणून दुखण्याचं इंजेक्शन देतो. त्याने काही होतं का?

होतं. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम ही सगळी उपयोगाची औषधं आहेत, पण ती जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. ठरलेल्यापेक्षा जास्त, ठरलेल्यापेक्षा लांब किंवा दोन वेदनाशामकं एकत्र दिली की धोका फार वाढतो. एका डॉक्टरांनी एक दिलं, गुण आला नाही म्हणून दुकानातून दुसरं आणलं, असं करू नका. डायक्लोफेनॅक तर आणूच नका. गिधाडांच्या मृत्यूमुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली आहे.

पक्कं निदान कसं होतं?

दुर्बिणीने, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपीने. त्यासाठी १२ ते १६ तास चारा बंद, नंतर काही तास पाणीही बंद, मग हलकी गुंगी देऊन नाकातून नळी आत सोडतात. घोडा उभाच असतो. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. वरच्या भागातल्या जखमांना ० ते ४ अशी श्रेणी देतात, खालच्या भागातल्या जखमांचं रंग, आकार आणि जागा सांगून वर्णन करतात. नळी जठराच्या तळापर्यंत, आतड्याच्या तोंडापर्यंत नेली का, हे जरूर विचारा. वरचा भाग स्वच्छ दिसला म्हणून थांबलं तर खालचा अल्सर तसाच राहतो.

ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच महामार्गावर आहे, पुण्या-मुंबईत शर्यतीचे घोडे बघणारे डॉक्टर आहेत. घोडा गाडीत चढवण्याआधी फोन करून घोड्याची लांब दुर्बीण आहे का, याची खात्री करा.

तेवढं जमलं नाही तर?

मग डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करून बघतात. त्यात गैर काही नाही, अट एकच. नोंद ठेवायची. औषधाआधीचा एक आठवडा आणि नंतरचे चार आठवडे रोज लिहा: चंदी किती वेळात संपली, तंगाला कसा वागला, पोट दुखलं का, वैरण किती उरली. दोन आठवड्यांत फरक दिसला तर दिशा बरोबर. काहीच फरक नाही तर निदान चुकलं असेल किंवा अल्सर खालच्या भागातला असेल.

माणसांची अ‍ॅसिडिटीची गोळी चालते का? औषध तेच आहे ना?

औषध तेच, ओमेप्राझोल. पण ते अ‍ॅसिडमध्ये नासतं, म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आवरण असतं. लोक ते दाणे कुटून गुळात मळतात. आवरण गेलं, औषध जठरातच वाया गेलं. घोड्यांसाठीची पेस्ट याच कारणाने वेगळी बनवलेली असते. प्रमाणही वजनावर ठरतं, माणसाच्या एका गोळीने घोड्याला काही होत नाही. ते सकाळी रिकाम्या पोटी द्यायचं आणि अर्ध्या-पाऊण तासाने वैरण टाकायची.

वरच्या भागातले अल्सर साधारण चार आठवड्यांत दहापैकी सात-आठ घोड्यांत भरून येतात. खालच्या भागातले हट्टी. तिथे नुसत्या ओमेप्राझोलने एवढ्याच काळात चारापैकी एखादाच घोडा बरा होतो, म्हणून डॉक्टर सोबत सुक्रालफेट देतात किंवा मिसोप्रोस्टॉल वापरतात. मिसोप्रोस्टॉलला घरातल्या गरोदर बाईने हात लावू नये, त्याने गर्भपात होऊ शकतो.

ताक, खायचा सोडा, कोरफड?

सोड्याने थोडा वेळ अ‍ॅसिड मरतं आणि पुन्हा येतं, दिवसभर तो पाजत बसणं घातक. कोरफडीची ओमेप्राझोलशी तुलना करून बघितली गेली आहे, त्यात ती मागे पडली. ताकाने जखम भरल्याचं मी तरी पाहिलं नाही. या सगळ्यात महिना जातो, तो महिना घोड्याचा असतो.

बरा झाल्यावर पुन्हा होतो का?

दिनक्रम तोच राहिला तर होतो, आणि लवकर होतो. औषध थांबवताना एकदम थांबवायचं की कमी करत आणायचं हे डॉक्टरांना विचारा. चांदणीचं औषध संपल्यावर मी तिची चंदी निम्मी केली, रात्री नऊला वैरणीची फेरी सुरू केली आणि शेजारी एक शेळी बांधली, कारण ती एकटी असली की अस्वस्थ व्हायची. तंग मी आता एकदम आवळत नाही. एक भोक, चार पावलं, दुसरं भोक.

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणतोय. काय काळजी घ्यावी?

नंदुरबार जिल्ह्यातून कोल्हापूर म्हणजे ट्रकमध्ये रात्र आणि दिवस. त्याआधी यात्रेतली गर्दी, नंतर नवी जागा, नवा माणूस, नवी वैरण. घेताना विक्रेत्याकडून त्याची चार-पाच दिवसांची ओळखीची वैरण सोबत मागून घ्या. वाटेत दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा, वैरण समोर ठेवाच. आल्यावर दोन आठवडे काम नको. दत्तजयंतीच्या या यात्रेत घेतलेला घोडा पौष सरताच वरातीला जुंपायची घाई असते, पण तेवढे दिवस तरी एकच माणूस त्याच्याजवळ राहू द्या.

शिंगराला होतो का?

होतो, आणि तिथे खेळ वेगळा. आजारी किंवा आईपासून तुटलेल्या शिंगराला खालच्या भागात अल्सर होतात. दात चावणं, तोंडातून लाळ गळणं, दूध पिता पिता थांबणं, पाठीवर उताणं पडून राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. काही शिंगरांत एकही लक्षण न दिसता जठराला भोक पडतं, म्हणून जुलाब किंवा ताप असलेल्या शिंगराला "उद्या बघू" म्हणायचं नाही.

मोठ्या घोड्यासाठी रात्री-अपरात्री फोन कधी करायचा?

अर्ध्या तासात न थांबणारा पोटशूळ, सारखं लोळणं, घामाने अंग भिजणं, लीद बंद होणं, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसणं. हे नुसत्या अल्सरचं चित्र नाही, आतडं अडकलेलं असू शकतं. चंदी आणि वैरण काढून घ्या, नाकातोंडातून काहीही पाजू नका, स्वतःच्या मनाने इंजेक्शन देऊ नका. नाडी मोजता येत असेल तर जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून मिनिटाचे ठोके मोजा. शांत उभ्या मोठ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात, ६० च्या वर गेले असतील तर डॉक्टरांना फोनवर पहिलं वाक्य तेच सांगा.